क्रुसाची चिठ्ठी

लोजा माझी नणंद. बाप्तिस्म्याचं नाव लेओकादिया, पण त्या नावानं तिला फक्त फादर आणि दवाखान्यातले लोक हाक मारत. मी लग्न होऊन ओल्शिनात आले तेव्हा तिचा नवरा जिवंत होता आणि दुपारनंतर तो कुठल्या कुंपणाला टेकलेला सापडेल हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "हालिना, माझा भाऊ मनानं चांगला आहे. पण एक काम सांगितलं की दुसरं विसरतो. तिसरं सांगूच नकोस." तेवढ्यावर माझा संसार निभावला.

लोजाची प्रार्थना डोळे मिटून, हात जोडून बसायची नव्हती. बसायला तिला वेळ कुठे होता? बटाटे सोलताना, डुकरांचं कालवताना, नवरा ओसरीत आडवा झाला की त्याचे चिखलाचे बूट ओढून काढताना तिचे ओठ हलत असायचे. 'नमो मरिये' म्हणता म्हणता मध्येच ती कोंबड्यांना हाकलायची, सुनेसारखं मलाही एखादं सुनावायची, आणि जिथं तुटलं असेल तिथूनच पुढे धरायची. मी एकदा म्हटलं, "अगं, देवाला काय वाटेल?" तर म्हणाली, "त्याला कोंबड्या कळतात. त्यानंच केल्यात."

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून तिनं वर्षानुवर्षं जपमाळ ओढली. एका थंडीत तो पुलाखालच्या चारीत गोठून मेलेला सापडला. दफन करून आल्यावर सूप वाढता वाढता ती मला म्हणाली, "मी मागितलं होतं, याची सुटू दे. सुटली. कशी सुटावी हे मी सांगितलं नव्हतं." आणि त्या दिवशीही झोपण्याआधी तिनं जपमाळ पुरी केली. मला राग आला होता. तिला नाही.

मुलगा एकच, वितेक. बापासारखा उंच, पण दारूला शिवत नसे. जंगलात झाडं तोडणाऱ्यांच्या टोळीत होता. जेवायला बसला की आईकडे बघत भाकरीचा तुकडा ताटलीभर फिरवायचा आणि म्हणायचा, "आई, हे धुवायची गरज नाही, परत कपाटात ठेव." लोजा त्याच्या डोक्यात फडकं मारायची. ती जेव्हा हसायची तेव्हा त्याच्यामुळेच.

आमच्या गावात जपमाळ म्हणणाऱ्या बायकांचं एक 'गुलाब' होतं. शब्द ऐकून फार सुंदर काही वाटेल. पण आम्ही पंधरा जणी होतो, निम्म्यांचे गुडघे दुखणारे, आणि एकमेकींशी पटायचंच असं नाही. जपमाळेची रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, पंधरा: पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. प्रत्येकीनं रोज एकच रहस्य म्हणायचं, म्हणजे दहा वेळा 'नमो मरिये'. पंधरा जणींची मिळून रोज पूर्ण माळ होते. एकीनं चुकवलं की सगळ्यांची माळ तुटते. म्हणून तापात फणफणलेली बाईसुद्धा आपलं रहस्य म्हणायची, नाहीतर शेजारणीला निरोप पाठवायची की आज माझं तू म्हण.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपली की बाजूच्या वेदीपाशी चिठ्ठ्या बदलायच्या. चिठ्ठी म्हणजे लहान पुठ्ठा, वर त्या रहस्याचं चित्र. म्हाताऱ्या पेलागियाबाई आमच्या प्रमुख. त्या लोकरीच्या पिशवीत चिठ्ठ्या घालून हलवायच्या, आणि एकेकीनं हात घालून काढायची. जी निघेल ती महिनाभराची.

आता हे साधं काम. पण बायकांनी त्यात आपलं घातलंच. निघालेल्या चिठ्ठीसारखा महिना जातो, असं सगळ्या मानायच्या. देवदूताच्या संदेशाची निघाली की घरात कुणालातरी दिवस जाणार. स्वर्गारोहणाची निघाली की कुणीतरी परदेशी जाणार. आणि दुःखाची पाचवी, येशूला क्रुसावर खिळल्याची, ती कुणालाच नको असायची. तिचा एक कोपरा दुमडलेला होता. पिशवीत बोटांना तो लागला की बाई बोटं अशी मागे घ्यायची जणू उंदीर चावला. ती ज्या महिन्यात आमच्यातल्या गेन्याला निघाली, त्या महिन्यात तिची गाय मेली. गेन्या गायीच्या दुःखापेक्षा आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या आनंदातच जास्त होती.

फादर मारेक नवे, तरुण होते. त्यांना हे कळलं तेव्हा ते वेदीपुढेच कडाडले, "ही प्रार्थना आहे की पत्त्यांचा डाव?"

पेलागियाबाई शांतपणे म्हणाल्या, "पत्त्यांचा डाव असता तर नको ते पान टाकून देता आलं असतं, फादर."

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रोन्काच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. दांका आठ वर्षांची. चार पावलं धावली की ओठ निळे व्हायचे. ब्रोन्का लोजाची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच बाकावर शाळेत बसलेल्या. ब्रोन्का घाबरट, लोजा धीट. कुत्रा अंगावर आला तर ब्रोन्कानं लोजाच्या मागे लपायचं, हे दोघींमध्ये शाळेपासून ठरलेलं.

त्या रविवारी ब्रोन्कानं पिशवीत हात घातला. दुमडलेला कोपरा तिच्या बोटांना लागला असेल, पण पोरीच्या काळजीत तिला कळलंच नाही. चिठ्ठी बाहेर काढली आणि ती नुसती उभी राहिली. चेहरा पिठासारखा.  गेन्यासुद्धा जमिनीकडे बघायला लागली.

लोजानं तिच्या हातातून ती ओढून घेतली. आपली तिच्या हातात कोंबली. आनंदाची दुसरी, मरिया एलिझाबेथला भेटायला जाते, ती. "घे. तुला शहरात जायचंच आहे, प्रवासाची बरी."

"लोजा, नको गं. तुझ्या घरी..."

"माझ्या घरी काय आहे? नवरा जायचा तो गेला. गाय दूध देते. वितेक बैलासारखा आहे. माझ्याकडे येऊन ती चिठ्ठी कंटाळेल."

आम्ही हसलो. मीही हसले. सुटल्यासारखं झालं सगळ्यांना.

ऑपरेशन झालं आणि पोर वाचली. निरोप आला तेव्हा लोजा चुलीपाशी होती. तिनं माझे दोन्ही हात धरून मला स्वयंपाकघरात गरगर फिरवलं. दोनच दिवसांनी आम्ही तिच्या अंगणात वर्षाची कोबी चिरायला बसलो होतो. पिंपात मिठाचा थर, कोबीचा थर, असं चाललं होतं. तेवढ्यात टोळीचा मुकादम फाटकातून आत आला आणि त्यानं टोपी काढली. आमच्याकडे लाकूडतोडे चर्चशिवाय टोपी काढत नाहीत. लोजा कोबी चिरत राहिली. तो बोलायला लागला तरी चिरत राहिली. तोडलेलं एक झाड शेजारच्या झाडात अडकून राहिलं होतं, ते सोडवायला वितेक गेला होता, आणि ते उलट्या बाजूला आलं. त्याला काही कळलंही नसेल, असं मुकादम सांगत होता. लोजानं सुरी ठेवली आणि विचारलं, "डब्यातलं खाल्लं होतं का त्यानं?"



वितेकला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. रिवाजाप्रमाणे संध्याकाळी गुलाबातल्या बायका जमल्या, शवपेटीभोवती पूर्ण माळ म्हणायला. ज्या रहस्याची चिठ्ठी जिच्याकडे, ते तिनं सुरू करायचं. आनंदाची झाली. दुःखाची चार झाली. पाचवं लोजाचं होतं.

ती बोललीच नाही.

 मग ती उठली, आत गेली आणि शेगडीची झडप लावून तिथंच उभी राहिली. दारापाशी, बुटांच्या ढिगाजवळ शहरातून आलेली ब्रोन्का उभी होती. खोलीत यायचा तिला धीर झाला नव्हता. तिनंच तिथून सुरुवात केली. आवाज घोगरा, पण तिनं दहाही पूर्ण केल्या. गेन्या माझ्या कानाशी लागली, "हिनंच म्हणायला हवं. चिठ्ठी हिचीच होती ना." मी तिच्या पायावर पाय दिला. पण तसं सगळ्यांच्याच मनात आलं होतं. माझ्याही.

त्यानंतर लोजाचे ओठ थांबले. गाय पिळताना, पीठ मळताना तोंड मिटलेलं. इतकी वर्षं मी त्या पुटपुटण्याला वैतागले होते. आता ते ऐकू येत नव्हतं तर घर पडीक वाटायचं. रविवारी ती चर्चला येईना. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चौदा जणी उभ्या राहिल्या आणि पिशवीत चौदा चिठ्ठ्या. पेलागियाबाईंनी मला पाठवलं. "जा, घेऊन ये ती. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी गुलाबात घ्यावं लागेल. माळ तुटलेली चालायची नाही."

मी गेले. लोजा पलंगपोस झटकत होती. मी सांगितलं. तिनं एप्रनच्या खिशावर हात ठेवला.

"ती माझ्याकडेच राहणार."

"म्हणजे तू म्हणतेस तर?"

"नाही म्हणत."

"मग ठेवून काय करतेस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं जणू मी मंद आहे. "इथून गेली तर कुणाच्या घरी जाईल? तुला तीन मुलं आहेत, हालिना. इथं आता घ्यायला काही उरलेलं नाही. पडू दे इथंच."

मी तिच्याशी वाद घालायला हवा होता, ते फादरांचं पत्त्यांच्या डावाचं बोलणं ऐकवायला हवं होतं. पण तीन मुलं म्हटल्यावर माझी जीभच उचलेना. मी रिकाम्या हातानं परत आले आणि, खरं सांगते, वाटेत मला हलकं वाटत होतं.

असेच दोन महिने गेले. नाताळात तिनं टेबलावर रिवाजाची रिकामी ताटली मांडली, वाट चुकून येणाऱ्यासाठीची, आणि वितेकची दुसरी. मग वितेकची उचलून ठेवली. पवित्र भाकरीचा तुकडा माझ्या नवऱ्यानं तिच्यापुढे धरला, तर तिनं मोडून घेतला, पण एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या त्या तिला देता येईनात. "तुम्हाला काय हवं ते तुम्हीच मागा," म्हणाली. "माझं मागितलेलं नीट पोहोचत नाही."

जानेवारीत फादर मारेक शहरातून चिठ्ठ्यांचा नवा कोरा संच घेऊन आले. पंधराच्या पंधरा, गुळगुळीत, कुठलाच कोपरा दुमडलेला नाही. म्हणाले, "झालं? आता हा खुळचटपणा बंद." पेलागियाबाईंनी पिशवी हलवली. कुणी हात पुढे करेना. जुन्या चिठ्ठ्यांत निदान बोटांना कळायचं. आता कोणती कुठली, काहीच कळत नव्हतं. फादर लाल झाले. "अरे, त्यानं तुमच्यासाठी जीव दिला आणि तुम्हाला त्याच्या क्रुसाचं चित्र हातात धरवत नाही?" ते बरोबरच बोलत होते. तरी हात कुणाचाच उठला नाही.

ब्रोन्का म्हणाली, "यातली नको. मला माझी जुनीच पाहिजे." ती वळली आणि तशीच बाहेर पडली. मी मागे धावले. मला ठाऊक होतं कुठे जातेय ते.

लोजाच्या स्वयंपाकघरात उशांसाठी हंसाची पिसं दांड्यांवरून सोलायचं काम चाललं होतं, रविवार असूनही. टेबलभर पांढरा ढीग. पिसं सोलताना घरात कुणी शिंकत नाही, दार आपटत नाही, मोठ्यानं हसतही नाही. ब्रोन्कानं दार सताड उघडलं आणि सगळं घर पांढरं झालं.

"दार लाव," लोजा म्हणाली.

मी लावलं. ब्रोन्का केसांवर, कोटावर पिसं घेऊन उभी होती. वितेकच्या दफनानंतर ती या घरात आली नव्हती.

"ती माझी चिठ्ठी होती, लोजा. मला दे."

"मूर्ख आहेस."

"ते पाचवं रहस्य मी रोज म्हणते. पहिल्या दिवसापासून. माझंही म्हणते आणि तेही. तुझी माळ मी तुटू दिली नाही. पण चिठ्ठी तुझ्या खिशात आहे आणि मला झोप लागत नाही. मला दे. माझं आहे ते मला दे!"

"आणि दांकाचं काय?"

 ब्रोन्कानं पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

लोजानं खिशातून चिठ्ठी काढली.  आम्ही तिघी त्या पुठ्ठ्याकडे बघत होतो, आणि त्या क्षणी आमच्यातल्या एकीलाही फादर आठवत नव्हते. "घे मग," लोजा म्हणाली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "घे. तुझी आहे. ने घरी."

ब्रोन्कानं डोळे मिटले आणि चिठ्ठीचं एक टोक धरलं. ओढलं. लोजानं सोडलं नाही. परत ओढलं. लोजाची बोटं पांढरी पडली होती. "घे म्हणते ना," ती ओरडली, आणि सोडत मात्र नव्हती. शेवटी तिच्याच हातून ती दुमडलेल्या कोपऱ्यापाशी टरकन फाटली, आणि लोजा मटकन खाली बसली. पिसांतच.

"मला वाटलं होतं तू न्यावीस," ती म्हणाली. "ब्रोन्का, मला खरंच वाटलं होतं. एवढीशी पोर ती. तुझ्या पोरीचं तसं व्हावं आणि माझा दारातून आत यावा, असं वाटलं मला. आत्ता. तुझ्या तोंडाकडे बघताना." ती रडत होती, पिसं तिच्या गालांना चिकटत होती आणि तिला ती पुसताही येत नव्हती. "देवापुढे कुठल्या तोंडानं उभी राहू मी?"

मला वाटलं ब्रोन्का निघून जाईल. मी आई आहे, मी गेले असते. पण ती लोजाशेजारी जमिनीवर बसली. "मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. "निरोप आला ना वितेकचा, तेव्हा पहिलं मनात आलं, बरं झालं मी चिठ्ठी दिली. पहिलं तेच आलं, लोजा. मग तू आठवलीस."

 मी झाडू आणावा की आणू नये, ते मला कळेना. मग ब्रोन्कानं खिशातून जपमाळ काढली आणि पाचवं दुःख सुरू केलं. आमच्याकडे 'नमो मरिये' दोघांत म्हणतात. पहिली ओळ एकानं, पुढची दुसऱ्यानं. "नमो मरिये, कृपापूर्णे..." ब्रोन्का म्हणत गेली, "तुझ्या उदराचं फळ धन्य" इथवर, आणि थांबली. पुढचं लोजाचं. ते आलं, फाटक्या आवाजात, पण आलं. "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी..."

दहा झाल्यावर ब्रोन्कानं माळ तिच्याकडे दिली, आता तू सुरू कर म्हणून. लोजानं मान हलवली. "ते नाही म्हणवत मला. उदराचं फळ. तू म्हण. तुझं आहे. मी खालचं म्हणते."

तेव्हापासून असंच चाललं. दुपारी भांडी आवरली की ब्रोन्का यायची, दोघी माळ म्हणायच्या, आणि ती जायची. पूर्वीसारखी मैत्री परत आली असं मी म्हणणार नाही. गप्पा नाहीत, एकमेकींच्या चुगल्या नाहीत, जामाच्या बरण्यांची देवाणघेवाण नाही. ब्रोन्का तिथं दांकाचं नाव काढत नसे. फाटकी चिठ्ठी पेलागियाबाईंना परत केली होती. त्यांनी ती चुलीत टाकली आणि नव्या चिठ्ठ्यांच्या पिशवीत पहिल्यांदा स्वतःच हात घातला. लोजा पुन्हा गुलाबात आली, पण आपलं रहस्य एकटीनं म्हणत नसे. म्हणता येतच नसे. ते ब्रोन्का असेल तरच व्हायचं.

जून महिन्यातल्या एका दुपारी मी तिथं होते. खिडक्या उघड्या होत्या. दोघी समोरासमोर, मधे वाटाण्याच्या शेंगांचं टोपलं. अंगणात धावण्याचा आवाज आला आणि दांका आत शिरली, आईला बोलवायला. लांबून धावत आली होती. गाल लाल. ओठही लाल, अगदी चेरीसारखे. दारात उभी राहून ती धापा टाकत होती आणि तिला काहीसुद्धा झालं नव्हतं.

ब्रोन्का 'तुझ्या उदराचं' पर्यंत आली होती. तिथंच अडकली. पोरीकडे बघेना, लोजाकडे बघेना, माळ मुठीत दाबून बसली. मी पोरीला खुणेनं बाहेर हाकलणार, तेवढ्यात लोजानं हाताशेजारचं स्टूल पायानं सरकवलं. दांका त्यावर बसली आणि न विचारताच शेंगा सोलायला लागली.

लोजा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. 

"थांबलीस का?" ती ब्रोन्काला म्हणाली. "पुढचं म्हण ना. मला माझं म्हणायचंय."